भिंतीवरची ठेंगणी खुंटी

प्रिय लेकीस,

आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. खोली उजेडाची आहे, खिडकीतून झाड दिसते आणि जावईबापूंनी माझ्यासाठी आरशाचे कपाट आणून ठेवले आहे, हे सर्व वाचले. "बाबा, आता तरी हो म्हणा," हे तुझे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचले. त्याचे उत्तर या पत्रात आहे. परंतु आधी दुकानाची हकीकत सांगितल्याशिवाय ते तुला नीट कळणार नाही, म्हणून ते शेवटी येईल. तुझ्या मावशीने तुला कळवले म्हणे, की तुझ्या वडिलांनी दुकानाची धर्मशाळा केली. तुझी मावशी अर्धे पाहते आणि दीडपट सांगते. सबब खरा मजकूर मीच लिहितो.

गेल्या हिवाळ्यात, बंद गोदामाच्या ओट्यावर राहणाऱ्या माणसांसाठी आपल्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी जुने कपडे गोळा केले. हेतू चांगलाच होता. पण पुढच्याच सकाळी एक सडपातळ गृहस्थ कापडवाल्या शेटजींची विजार सुतळीने बांधून चाललेले मी पाहिले. एका आजीबाईंच्या हातांना तर बाह्यांतून बाहेर पडायला वाटच सापडत नव्हती. शिंप्याच्या दारावरून माणसाने असे जावे, हा माझ्या कात्रीचा अपमान आहे, असे मी चहावाल्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "मग शिवा की मास्तर! अडवलंय कोणी?" चौथी शिकलेल्या माणसाला सारा रस्ता मास्तर म्हणत असेल, तर त्याला त्या नावाला जागावे लागते. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे न नेलेले कापड मी फळीवरून उतरवले आणि ओट्यावर जाऊन स्वच्छ शब्दांत सांगितले, की ज्यांना कपडा हवा त्यांनी दुकानात यावे, मापाशिवाय मी कोणाला काही देत नाही.

पहिले आले ते कांदेराव. हे नाव चहावाल्याने ठेवलेले. सदऱ्यावर स्वेटर, त्यावर आणखी एक सदरा, वर कोट आणि गळ्याला मफलर, असा त्यांचा बारमाही पोशाख होता. मी त्यांना अंगावरचे कपडे काढण्याची विनंती केली. त्यांनी एकेक कपडा काढला खरा, परंतु तो खाली ठेवीनात. साऱ्यांची घडी करून ती त्यांनी छातीशी कवटाळली. मी म्हणालो, "हात सरळ करा." ते म्हणाले, "हात सरळ केले तर कपडे कोण धरणार, मास्तर?" मी बाक दाखवला. त्यांनी बाकाकडे पाहिले, दरवाजाकडे पाहिले आणि घडी अधिकच घट्ट धरली. शेवटी मिळेल तेवढे माप पाठीवरून घेतले, बाकीचे नजरेने धरले. तुला ठाऊक आहे, माझी नजर टेपइतकीच पक्की आहे. सदरा असा उतरला, की मी स्वतः त्याला इस्त्री केली आणि दर्शनी काचेत दिवसभर टांगून ठेवला.

कांदेराव आले, सदरा घातला, बटणे लावली. खांदा खांद्यावर, कॉलर मानेला टेकलेली. माझी छाती फुगली. आणि मग, लेकी, त्यांनी त्यावर जुना सदरा चढवला. त्यावर स्वेटर. त्यावर दुसरा सदरा. त्यावर कोट. माझी कॉलर, माझी काजे, सारे आत गडप! चहावाला बाहेरून ओरडला, "मास्तर, तुम्ही तर कांद्याला अजून एक पापुद्रा चढवलात!" मी रागावून कांदेरावांना विचारले, की असे करायचे होते तर मी शिवला कशासाठी. ते शांतपणे म्हणाले, "चांगली वस्तू घरात आत ठेवतात ना, मास्तर? बाहेर टाकली तर जाते चोरीला."

मी आयुष्यभर माणसांची मापे घेतली, आणि या माणसाचे माप घेताना साफ चुकलो होतो. त्यांचा दंड, गळा, छाती सगळे बरोबर होते. पण अंगावरचा तो ढीग म्हणजे त्यांचे कपाट आहे, हे मी मापात धरलेच नव्हते. ज्याला कपडे काढून ठेवायला जागा नाही, त्याला बेतशीर सदरा देऊन काय उपयोग?

आपल्या दुकानाच्या आतल्या भिंतीवरची ठेंगणी खुंटी तुला आठवत असेल. तुझा हात पुरावा म्हणून मी ती खाली ठोकली होती. शाळेतून आलीस की दप्तर तिला अडकवायचीस आणि माझ्या मशीनखालच्या चिंध्या वेचत बसायचीस. तू सासरी गेल्यापासून तिला मी काही टांगले नव्हते आणि कोणाला टांगू दिले नव्हते. ती मी पुसली आणि कांदेरावांना म्हणालो, "ही आजपासून तुमची." त्यांनी काहीच टांगले नाही. रोज येत, खुंटीकडे पाहत आणि जात. एकदा म्हणाले, "उद्या तुम्ही नको म्हणालात तर?" मी म्हणालो, "अहो, मी शिंपी आहे. माझी तारीख चुकेल, शब्द चुकायचा नाही. आज नुसता मफलर टांगून पाहा. नाही पटले तर काढून घ्या." त्यांनी मफलर टांगला आणि दिवसभर समोरच्या पायरीवर बसून त्याच्यावर पहारा केला! मग स्वेटर आला. मग कोट. आत एक नीटस, ताठ मानेचा माणूस होता, हे आपल्या रस्त्याला तेव्हा कळले.

पुढे ओट्यावरच्या बाकीच्यांसाठी सुताराने खुंट्यांची रांगच ठोकून दिली. इस्त्रीवाल्या बाई स्वतःहून आल्या आणि, "टांगायचे तर धुतलेले टांगा, मला वास सहन होत नाही," असे दरडावून सगळ्यांचे कपडे धुवायला घेऊन गेल्या. शेटजींनी मात्र नाक मुरडले. "मास्तर, अशानं गिऱ्हाईक पळेल." त्यांच्यादेखतच एका जुन्या गिऱ्हाईकबाईंनी भिंतीकडे बोट करून विचारले, "हे कपडे कोणाचे?" मी म्हणालो, "माझ्या गिऱ्हाइकांचे." त्या म्हणाल्या, "मग माझ्या ब्लाऊजचा नंबर यांच्यानंतर का?" मी म्हणालो, "अर्थात." त्या हसल्या आणि बाकावर बसल्या. शेटजींनी दुसऱ्या दिवशी एक अख्खा तागा पाठवला. कोरा, उरलेला नव्हे.

आता एक गोष्ट, जी मी तुला कळवली नव्हती. सुई ओवणे मला हल्ली जमत नाही. हे मी कोणालाच बोललो नव्हतो. परंतु रोज सकाळी टाचण्यांच्या उशीला ओवलेल्या सुया टोचलेल्या असत, पांढऱ्या दोऱ्याची वेगळी, काळ्याची वेगळी. कांदेराव आपला कोट टांगायला येत तेव्हा ते काम उरकून जात. मी कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही. आमचा दोघांचाही मान राहिला.

मागच्या आठवड्यात त्यांना फर्निचरच्या कारखान्यात पहारेकऱ्याचे काम आणि तिथेच एक खोली मिळाली. ते आपली खुंटी रिकामी करायला आले. अंगात फक्त मी शिवलेला सदरा होता, आणि तो सगळ्यात वर होता. तुझ्या बोलावण्याचे मी त्यांना कधीतरी बोललो होतो. जाताना ते म्हणाले, "मास्तर, लेक बोलावते तर जात का नाही? लाज वाटते होय? मलाही वाटली होती. नुसता मफलर टांगून बघा. नाही पटलं तर काढून घ्या." असे बोलून ते निघून गेले. वळणापर्यंत मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. पाठीवर एक सुरकुती नव्हती. इतका अभिमान मला माझ्या कोणत्याही कामाचा वाटलेला नाही. आणि तो सदऱ्याचा होता की माणसाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हा लेकी, उत्तर असे. दुकान इस्त्रीवाल्या बाई घेत आहेत. भिंत आहे तशी राहील, असे त्यांनी कबूल केले आहे. ठेंगण्या खुंटीवर आता त्या आजीबाईंची शाल असते. मी येत आहे. जावईबापूंना माझा नमस्कार सांग आणि रागावू नका म्हणावे, परंतु एवढे मोठे कपाट मला एकदम पेलणार नाही. दाराच्या मागे एक खुंटी ठोकून ठेव. पहिल्या दिवशी मी तिला नुसता मफलर टांगीन. आणि ती जरा खालीच ठोक. माझा हात आता फार वर जात नाही. तुझी होती, तेवढ्या उंचीवर चालेल.

तुझाच,
बाबा