कलमाच्या चाकूनं कोरलेली दाढ

प्रिय बाबा,

उद्या मी पहिल्या वर्षाच्या मुलांना मेणाचा दात कोरायला शिकवणार आहे. अमरावतीच्या ज्या डेंटल कॉलेजात शिकले, तिथंच! आणि आज आईनं मोर्शीहून तुमची कलमं बांधायची पेटी पाठवली. चाकूखाली, सुतळीत गुंडाळलेली ती मेणाची दाढ होती. तुम्ही ती जपून ठेवली होती?

आठवतं ना? परीक्षेसाठी कोरलेली दाढ मी घरीच विसरले होते. तुम्ही ती घेऊन भर एप्रिलात एसटीनं निघालात, खिडकीशी बसलात आणि मेण पिशवीतच वितळलं. मग स्टँडवरच्या कडुलिंबाखाली बसून तुम्ही त्याचा पुन्हा ठोकळा केलात आणि संत्र्याच्या कलमाच्या चाकूनं नवी दाढ कोरलीत. प्लास्टिकचं मॉडेल माझ्याकडे होतं. तुमच्याजवळ नमुना म्हणून फक्त तुमचं तोंड!

कॉलेजात येऊन ती माझ्या हातात दिलीत, तेव्हा मी केवढी चिडले! "बाबा, हे काय दाढ हाये? वरून सपाट, अन् मांगं हा खड्डा कायचा? सर हसतील ना मले!"

"जिभेनं चाचपू-चाचपू केली, माय. माह्या तोंडात तं अशीच हाये."

एवढं बोलून तुम्ही ती खिशात टाकलीत. मी घाईघाईनं मॉडेल समोर ठेवून दुसरी कोरली आणि पास झाले. तुम्ही चहासुद्धा न घेता परतीची गाडी धरलीत. मी थांबवलं नाही, याची अजून लाज वाटते.

आज ती दाढ उजेडात धरली. मागच्या कोपऱ्यातला तो तिरपा खड्डा, पोखरलेल्या कडा. बाबा, ती कीड होती हो! म्हणून तुम्ही भाकर वरणात कुस्करून एकाच बाजूनं चावायचात. मला वाटायचं, सवय आहे. तुम्ही गेलात ते दातानं नव्हे, हे कळतं मला. पण इतकी वर्षं ठणकत असेल ना? एकदा तरी म्हणायचं, "दुखते वं!"

तुम्ही तर हातात आणून दिली होती. मीच मॉडेलशी ताडून पाहत बसले.

उद्या टेबलावर प्लास्टिकच्या दाढेशेजारी तुमची ठेवणार आहे. कुणी हसलं तर हसू दे. मग मुलांना सांगेन, समोर आलेल्या माणसाला आधी विचारा, दुखतं का? मीही विचारीन बाबा, प्रत्येकाला. तुम्हाला विचारायचं राहिलं.

तुमची,
पल्लवी