शंभरात सत्त्याण्णव वेळा ‘दोष नाही’

प्रिय मुंगे,

एकाच लिफ्ट कंपनीत तू दहाव्या मजल्यावर आकडे बघतेस आणि मी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरते, पण आपलं दोघींचं दुखणं एकच आहे. तुझ्याकडून तक्ते मागतात, माझ्याकडून सही. मत कुणी विचारत नाही. म्हणून आज मी न विचारता देते आहे, आणि तू ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचंस.

रविवारी मी ताटावरून उठले, ते चुकलंच. बातमी मला बाहेरून कळू नये म्हणून तू स्वतः सांगायला आली होतीस. यापुढे दरमहा तपासणी नाही, लिफ्टमधला सेन्सर ओरडेल तेव्हाच माणूस जाणार. बेचाळीस मेकॅनिकांपैकी अकरा राहणार आणि बाकीचे कानाला हेडफोन लावून तक्रारी ऐकणार. या नव्या कामाला साहेबांनी ‘ग्राहकमित्र’ असं नाव ठेवलंय म्हणे. ते ऐकून आमच्या मेकॅनिकांतला पैलवान म्हणाला, ताई, माझ्याशी घरात बायको मैत्री करत नाही, ग्राहक काय करणार! सगळे हसले.

तू विचारलंस, आई, तीन वर्षांत नव्वद हजार तपासण्या झाल्या आणि शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा तुम्हीच ‘दोष नाही’ म्हटलंय, मग तुम्ही तिथे जाऊन करता तरी काय? मी ओरडले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फाटकाजवळ तासभर भाषण ठोकलं, यंत्रांना, आकड्यांना, तुझ्या पिढीलाही झोडपलं, टाळ्या घेतल्या. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दिलं नाही.

उत्तर ऐक. तीन वर्षांपूर्वी नोंदींसाठी हातात दिलेल्या टॅबवर ‘दोष आहे’ दाबलं की लिफ्ट बंद ठेवायची, अकरा फोटो काढायचे आणि ऑफिसच्या मंजुरीची वाट बघायची. दोन तास, कधी चार. टॅब आले त्या पहिल्याच आठवड्यात एका हॉस्पिटलात मी ते बटण इमानदारीनं दाबलं. नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना चौघांनी स्ट्रेचरसकट पाच मजले जिन्यानं चढवलं. प्रत्येक वळणावर ते विव्हळत होते, आणि मी दहा मिनिटांत बसणारा ब्रेकचा पट्टा हातात धरून मंजुरीची वाट बघत उभी. त्या दिवसापासून आम्ही आधी दुरुस्त करतो आणि मग ‘दोष नाही’ दाबतो. निघताना दोष नसतोच ना!

हे डोकं माझं. बाकीच्या एक्केचाळीस जणांना मीच शिकवलं, तेही मोठ्या तोऱ्यात. कुणी शंका काढली की म्हणायचे, कागद रंगवायला आलायस की लिफ्ट चालवायला? तीन वर्षं आमचं काम आम्हीच आमच्या बोटानं पुसत होतो, आणि त्या कोऱ्या पाटीवर तुम्ही कंपनीचं धोरण लिहिलंत. पोरी, तुझं गणित बरोबर आहे. त्याला दिलेली माहितीच खोटी होती.

आकड्यांशी माझं भांडण नाही. आकडा ज्याच्या हातून आला त्याला एका शब्दानं न विचारता माणसं कमी करणाऱ्यांशी आहे. सेन्सर दारांची उघडझाप मोजतो, हादरे मोजतो; झिजत आलेला ब्रेक त्याला घसरल्यावरच कळतो. तोवर आत कुणीतरी उभं असतं.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. जुना भाग जमा केल्याशिवाय स्टोअरवाले काका नवा देत नाहीत, आणि प्रत्येक भागाची चिठ्ठी लिफ्टच्या नंबरासकट जपून ठेवतात. दोन दिवस बसून आम्ही तीन वर्षांच्या चिठ्ठ्या मोजल्या. एकतीस हजार निघाल्या, त्यातल्या चार हजार ब्रेकच्या. खोकी या पत्रासोबत पाठवते आहे. तुझ्या नोंदींशी ताडून बघ.

खोटी नोंद करणाऱ्याला कंपनी घरी बसवते हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि निवृत्तीला माझे सोळा महिने उरलेत. तरी हा माझा कबुलीजबाब आहे, म्हणून खाली कामगार क्रमांकही घातलाय. मुलगी म्हणून मला वाचवायला गेलीस तर खबरदार! माझी नोकरी वाचेल आणि एकतीस जणांच्या हातचं काम जाईल, असला सौदा मला नको. सोमवारी अकरा वाजता संचालक हा बदल सुचवणाऱ्या तुझ्या अहवालावर मत घेणार आहेत. त्याआधी उभी राहा आणि हे पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच.

तुझीच, अजून कामावर असलेली,
आई
मेकॅनिक, कामगार क्रमांक २१७