निकालाआधीचे पेढे

अहो,

दिव्याला घेऊन शाळेत जातेय, गणिताच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला. भात कुकरमध्ये आहे.

निकालाची साइट उघडायच्या आधीच तुम्ही बिल्डिंगभर पेढे वाटलेत आणि मीही ताट धरून मागे उभी राहिले. तेव्हाच तुमचा हात धरायला हवा होता. आता पोर दाराबाहेर पडत नाही. काल म्हणाली, "फॉर्म नको आई, शेजारी बाबांना हसतील."

एटीकेटीवर अकरावी मिळते, नाहीतर आयटीआय आहे. तुमच्या नाकासाठी तिने घरात बसायचं का? जिन्यात जो विचारेल त्याला मी खरं सांगणार. तुम्हाला जड जात असेल तर बाहेर येऊ नका. मार्कशीटवर आईचं नाव असतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

वासंती