वायर अजून आलेली नाही

आबा, आज टीव्ही बंद आहे. बिघडला नाही, आणि लाईटही आहे. शेजारची सून माहेरी घाटघरला गेलीय, आणि ती नसली की आमच्याकडं टीव्ही लागत नाही. तुम्हाला हे ऐकून हसू येईल, कारण तुमच्या वेळी टीव्हीला लाईट आणि अँटेना एवढं पुरत होतं. आता टीव्हीला माणूस लागतं. म्हणजे सगळ्यांच्या टीव्हीला नाही लागत, माझ्याच टीव्हीला लागतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं करून ठेवलंय. कसं ते इथं लिहून सांगते. ऐकायला आज घरात दुसरं कुणी नाही, आणि ही संध्याकाळ काही केल्या पुढं सरकत नाही.

बोरीला आपल्या घरी टीव्ही आला तेव्हा मी सातवीला होते. आई जाऊन बरेच दिवस झाले होते. चुलते दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पार उन्हाळा संपवून वर यायचे, आणि तुम्ही माझ्या शाळेपायी मेंढरं त्यांच्या हवाली करून वस्तीवर राहिला होतात. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने त्या घरात तुम्ही आणि मी. आजूबाजूला सगळी बागायतदार माणसं. वाईट नव्हती, पण मेंढरंवाल्याच्या घरी येऊन बसायचं त्यांना कारणच काय? मग एक दिवस तुम्ही एसटीच्या टपावरून ते खोकं उतरवून आणलंत. मला वाटलं, आता मी आणि आबा घोंगडीवर बसून टीव्ही बघणार. तुम्ही मात्र तो उचललात आणि थेट खिडकीत ठेवलात, तोंड अंगणाकडं करून. मी रडकुंडीला आले. तुम्ही म्हणालात, "आत तोंड केलं तर आपुन दोघंच बघू गं. भाईर तोंड केलं तर वस्ती बघंल." आणि खरंच, आठवडा झाला नाही तोवर अंगण भरायला लागलं. कधी उंबऱ्याला पाय न लागलेल्या बायका पोतं अंथरून बसलेल्या, पोरं चिंचेच्या फांदीवर, आणि तुम्ही सगळ्यांना पाणी देत फिरताय.

तो अँटेना मात्र बांबूवर कधी सरळ राहिला नाही. वारा आला की फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या. मग कुणीतरी पत्र्यावर चढायचं, कुणीतरी अंगणातून ओरडायचं, "आलं, आलं! आरं थांब, थांब, गेलं!" रोज संध्याकाळी हा तमाशा. एकदा मी वैतागून चुलत्यांच्या सायकलीचा पाना शोधून आणला आणि म्हटलं, आबा, तो नट एकदाचा आवळा की, रोज कुणाला ना कुणाला वर चढवताय. "आवळू की," म्हणालात, आणि तो पाना माझ्या हातातून घेऊन वरच्या फळीवर ठेवून दिलात, माझा हात पोचणार नाही तिथं. आवळला कधीच नाहीत. आणखी एक गंमत होती. तुम्ही खिडकीखाली बसायचात, टीव्हीकडं पाठ करून, तोंड अंगणातल्या माणसांकडं. मी विचारायचे, आबा, तुम्हाला दिसतंय का? "मला ऐकू येतंय की," म्हणायचात. मला तेव्हा तुमचा फार राग यायचा. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू आणि हा माणूस बघतसुद्धा नाही.

आता इकडचं सांगते. तुमचे जावई गेले त्याला दोन पावसाळे होऊन गेले. मुलगा चाकणला कंपनीत आहे, तिकडंच बिऱ्हाड केलंय. गुडघ्यांनी उठू-बसू देईना म्हणून मी अंगणवाडीचं काम सोडलं आणि सरकारी मोबाईलही परत केला. हातात राहिला साधा बटणांचा. इथं येडगावला धरणाचं पाणी आहे, त्यामुळं ऊस पार परसाला येऊन टेकलाय, आणि उसात बिबट्या. पूर्वी जेवणं झाली की बायका ओट्यावर यायच्या, आता दिवस कलला की वस्ती कडी लावून घेते. कुणाला बोलवायचं तरी कसं? संध्याकाळी एवढ्याशा कामासाठी ये म्हणणं म्हणजे कुणाचा तरी जीव धोक्यात घालणं. मी अंगणवाडीत दिवसभर बडबड केलेली बाई, आबा. माझा आवाज दिवसदिवसभर मलाच ऐकू यायचा नाही. कधीकधी भाजीला फोडणी देताना मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, घसा बसला तर नाही ना बघायला.

मुलाच्या कानावर हे गेलं असावं. डिशचा रिचार्ज तुमचे जावई करायचे, तो संपलेला होताच. फोनवर म्हणाला, "आई, डिश काढून टाक. टीव्हीला लावायचा बॉक्स येतो, त्यावर सगळं दिसतं. मी ऑनलाईन मागवतो." म्हटलं, मागवू नकोस. मी माठ घेताना वाजवून घेते, हे न बघता घेईन होय? टीव्हीच्या पाठीमागच्या भोकांचा फोटो शेजारच्या सुनेच्या मोबाईलवर काढून घेतला, आणि तिलाच सोबत घेऊन नारायणगावच्या दुकानात गेले.

दुकानदार भला माणूस होता. फोटो बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या टीव्हीला दोन्ही चालतंय." एक होती स्टिक, खडूच्या तुकड्यापेक्षा थोडी मोठी, पाठीमागं खुपसली की झालं. दुसरा बॉक्स, त्याला नेटची वायर लावायची सोय. मी विचारलं, एवढ्याशा काडीत सगळं मावतं? "मावतंय वो, पन नेट पायजे. घरात वायफाय न्हाई म्हनता, मोबाईल बटनांचा. मग काडी घेतली तर कुनाचा तरी मोबाईल शेजारी लागंल. आन् त्यो त्याच खोलीत पायजे. मानूस मोबाईल घिऊन घरी गेलं की तुमचा टीव्ही बंद." मग त्यानं काचेखालून सिमकार्ड घालायची एक डबी काढली आणि मोठ्या मायेनं माझ्यापुढं ठेवली. "त्यापरीस बॉक्स घ्या आन् ही डबी घ्या. मग तुमाला कुनाचीच गरज न्हाई."

त्यानं चांगल्या मनानं सांगितलं, आबा, पण मी ती डबी हळूच त्याच्याकडं परत सरकवली. कुणाचीच गरज नाही म्हणजे मी, तो टीव्ही आणि लावलेली कडी. मी म्हटलं, काडी द्या. "मावशी, इचार करा. रोज कोन बसनार मोबाईल घिऊन तुमच्याकडं?" मी म्हटलं, ते माझं मी बघते. बाजूला शेजारची सून उभी होती. ती रिमोट हातात घेऊन त्याची बटणं दाबत राहिली. मुलानं फोनवर विचारलं, "अगं, बॉक्स म्हटलं होतं ना मी?" मी सांगून टाकलं, दुकानात हेच होतं.

तेव्हापासून ती रोज येते. तिची लेक माझ्या अंगणवाडीत होती, म्हणून ती मला बाई म्हणते. उन्हं कलायला आली की येते, मोबाईल कोनाड्यात ठेवते, टीव्ही सुरू होतो. पडद्यावर आधी विचारतं, कोण बघणार? तिथं मुलानं फोनवरून सांगून 'आई' असं लिहवून घेतलं होतं. हिनं एक दिवस त्याच्या बाजूला 'आमी दोघी' लिहून टाकलं. आता आम्ही तेच दाबतो. तिची हिंदी मालिका लागते, आम्ही पावटा सोलतो, लसूण निवडतो. मग तिचा नवरा मोटारसायकलवर येऊन लांबूनच हॉर्न वाजवतो आणि ती उठते. तो हॉर्न मला अजिबात आवडत नाही. एकदा म्हणाली, "बाई, आज लई लसून निवडायचा हाय. मोबाईल हितं ठिवून जाते, तुमी बगा निवांत." माझं तोंडच उतरलं. म्हटलं, नको गं बाई, तुझा कुणाचा फोन आला तर मला उचलता येत नाही. तिनं माझ्याकडं जरा बघितलं. "मग लसनाची पाटी हिकडंच आनू का?" म्हटलं, आण की, दोघींनी निवडला तर लवकर होईल. झाला नाही लवकर. मी मुद्दाम सावकाश निवडला.

दिवाळी झाली आणि नेटवाली माणसं आली. खांबाखांबावरून काळी वायर ओढत आमच्या वस्तीपर्यंत आणली. माझ्या दारापुढच्या खांबावर तिचं वेटोळं टांगून ठेवलंय, बोट दाखवलं की घरात येईल. मी बोट दाखवलं नाही. पुढं एके संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी आवाज मोठा करून ठेवते, तसा ठेवला. "आई, ऐकलं की येडगावात फायबर जोडतायत. आपल्या वस्तीवर आलं का? आलं असेल तर लगेच जोडून घेऊ, म्हणजे तुला रोज कुणाच्या विनवण्या नकोत." मी लसणाची पाटी जवळ ओढली. तेवढ्यात माझ्या समोरून, हातातल्या लसणावरची नजर न काढता, ही बोलली, "न्हाई वो भाऊ, आपल्या वस्तीवर कुटं! धरनाच्या त्या अंगाला गेलीय म्हनं."

आबा, आदल्याच आठवड्यात मी तिच्याकडं ताक आणायला गेले होते. तिच्या घरात भिंतीवर नेटची डबी बसलीय, हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि आमच्यापेक्षा मोठा टीव्ही आहे. तिला माझ्याकडं यायचं काहीएक कारण नाही. त्या घरात माणसं भरपूर, पण त्यातलं तिच्याशी बोलतं कोण हे मला माहीत नाही. विचारायचं धाडस होत नाही, विचारलं आणि यायची थांबली तर? त्या दिवशी मी फोन ठेवला. पाटीतला लसूण संपला होता तरी दोघी सालपटं चाळत बसलो. आणि मला एकदम तुमचा तो पाना आठवला. तुम्ही नट मुद्दामच ढिला ठेवत होतात ना? लहानपणी मी तुम्हाला आळशी समजले. इतकी वर्षं तसंच समजत राहिले.

आज ती घाटघरला, तिकडं फोनला रेंज नाही. मुलाचा पुन्हा फोन आला, "बाहेर जाऊन बघ ना आई, खांबावर काही दिसतंय का." मी ओट्यावर गेले, त्या वेटोळ्याकडं बघत उभी राहिले आणि म्हटलं, "न्हाई रे, अजून न्हाई." बरं म्हणाला. शिमग्याला तो येईल तेव्हा खांब त्याच्या डोळ्यांसमोरच आहे. तेव्हा काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. फोन ठेवून आत आले, टीव्ही लावून बघितला. नेट नाही एवढंच लिहून आलं. तरी थोडा वेळ तसाच चालू ठेवला.

सोमवारी ती येईल. आली की विचारेल, बाई, मागं काय झालं व्हतं आपल्या मालिकेत? आणि मला सांगता येणार नाही. हे तिला कधी कळू देणार नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही, पण तुम्हाला सांगते. लसूण निवडायला उजेड बरा पडतो असं तिला सांगून पहिल्या दिवसापासून मी टीव्हीकडं पाठ करून बसते, तोंड तिच्याकडं करून. मला ऐकू येतंय की, आबा.