बाहीची उलट बाजू

पोयाना,
बुधवार, १० मार्च २००४

चि. रोदिका,

तुला, जावईबापू दोरेल यांना आणि माझ्या इलिंकाला अनेक आशीर्वाद. प्रभूच्या कृपेने मी बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, छप्पर यंदाचा बर्फ सोसून उभं आहे. तुम्ही तिघं तिकडे इटलीत, तोरिनोत सुखरूप असाल, अशी देवमातेपाशी रोज प्रार्थना करते.

काल चाळीस हुतात्म्यांचा सण झाला. आठाच्या आकड्याचे चाळीस पाव भाजले, वर मध आणि अक्रोड. वीस देवळात वाटले, बारा शेजारी कातिंकाकडे दिले, आठ तुमच्यासाठी बांधले आहेत. उपवासाचे आहेत, त्यात दूध-अंडं काही नाही, तेव्हा निर्धास्त खा. मी या वेळी खाल्ले नाहीत. भूक नव्हती.

तू मापासाठी पाठवलेली बाही व्हॅनवाल्या तोआदेरने शुक्रवारी आणून दिली. माप बरोबर आहे. जावईबापूंना नवल वाटत असेल, की सासूबाई या वयात नवा सदरा कशाला शिवतात. जावईबापू, हा मला पुरताना घालायचा सदरा. आमच्या घरात त्याची डावी बाही बाई स्वतः भरते आणि उजवी तिची लेक. बाकी सगळा मी शिवून पेटीत ठेवला आहे. रोदिका, काम सुरेख झालंय. काळा दोरा, बारीक फुल्या, एकही वाकडी नाही. मनगटाजवळ दोन बोटं जागा भरायची आहे, म्हणून बाही परत पाठवते. सवडीने कर. मला मरायची घाई नाही.

इलिंकाच्या बाहुलीसाठी लाल दोऱ्याची लडी ठेवली आहे. आणि तुझ्यासाठी सुया टोचायची एक उशी केली आहे. ती नीट भरली गेली नाही. लोकर एका बाजूला गोळा झाली आहे, सुई मध्येच अडते. फेकू मात्र नकोस. उसव आणि तुझ्या हाताने पुन्हा भर.

रविवारी फोन लवकर ठेवलास. कातिंका म्हणाली, "तुझी लेक हल्ली तारेसारखी बोलते, शब्दाला पैसे पडतात वाटतं." मी म्हटलं, कामात असेल.

जावईबापूंना मानाने नमस्कार. त्यांच्या आईची देवळात भेट होते, त्या बऱ्या आहेत.

तुझी आई,
सावेता


रोदिका,

लोकरीतून हा कागद निघाला ना? मग आधी दाराकडे बघ. दोरेल घरात असेल तर परत आत खुपस आणि तो कामावर गेल्यावर वाच. वरचं पत्र त्याच्यासाठी होतं. मागे तू म्हणाली होतीस, "आई, तुझी पत्रं तोच मला वाचून दाखवतो." तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं! कातिंकाला दोनदा सांगितलं, माझा जावई बघ कसा आहे. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली बाई मी, गावातल्या अर्ध्या बायकांची पत्रं लिहून देते. माझ्या स्वतःच्या मुलीला पत्र दुसऱ्याने का वाचून दाखवावं लागतं, हा प्रश्न मला सुचला नाही.

आता बाहीबद्दल.

शुक्रवारी ती हातात आली तेव्हा मी आधी सुलट बाजू पाहिली आणि खूश झाले. मग सवयीप्रमाणे उलटी केली. आपल्या घरात काम मागून बघतात, तुला माहीत आहे. तू सात वर्षांची असताना तुझ्या आजीने तुझा पहिला रुमाल उलटा करून तुला रडवलं होतं. "पुढची बाजू लोकांसाठी, मागची आपल्यासाठी," असं म्हणायची. आपण ओळ डावीकडून सुरू करतो आणि दोऱ्याचं शेपूट डाव्या कडेला दडवतो. मी तुला तसं शिकवलं, मला आईने तसं शिकवलं.

सहा फुलांपर्यंत सगळी शेपटं डाव्या कडेला आहेत. सातव्या फुलापासून उजव्या.

आधी वाटलं, तिथल्या कुणा मैत्रिणीकडून करून घेतलंस. रागही आला. माझा शेवटचा सदरा आणि परक्या हाताने? मग खिडकीशी नेऊन पाहिलं. कोपऱ्यावर तू नेहमी एक टाका जास्तीचा घेतेस, मी कितीदा ओरडले तरी तुझी सवय गेली नाही. तो जास्तीचा टाका सातव्या फुलात आहे, आठव्यात आहे, शेवटपर्यंत आहे. म्हणजे बाई तीच. हात दुसरा.

रोदिका, तुझ्या उजव्या हाताला काय झालंय?

शुक्रवारपासून माझं कशातच लक्ष नाही. कोंबड्यांना दोनदा दाणे टाकते, चुलीवर मीठ न घातलेला घेवडा शिजतो. फाटकापर्यंत जाते आणि कशाला आले ते विसरून परत येते. प्रार्थनेला उभी राहते आणि देवमातेच्या चित्रात मला तिचा हातच दिसतो, बाळाला धरलेला.

तोआदेरला गाठलं. तो व्हॅन धूत होता. विचारलं, "माझी लेक दिसली का रे?"

"नाही मावशी. पिशवी जावयाने खाली आणून दिली."

"आधीच्या खेपेला?"

"तेव्हाही त्यानेच."

"हात बरा आहे का तिचा?"

"मावशी, मी पिशव्या मोजतो, हात नाही." मग फडकं पिळलं. म्हणाला, "वर खिडकीत उभी होती. हात हलवला. डावा."

एवढंच. पण मला पुरलं.

आता मला जे लिहायचं आहे ते मी तीन पानं टाळलं. दोन पानं फाडली, हे तिसरं.

तीन वर्षांपूर्वी देवमातेच्या ऑगस्टमधल्या सणाला तू इलिंकाला कडेवर घेऊन आलीस. उकाड्यात लांब बाह्यांचा झगा. विहिरीवर बाही सरकली आणि मी पाहिलं. तू म्हणालीस, जिन्यावरून पडले. मी म्हटलं, बरं. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या दंडावर चार बोटं उमटत नाहीत, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. मला कळत होतं, म्हणून तर मी पुढे विचारलं नाही.

आठव्या दिवशी तू चुलीपाशी बसून म्हणालीस, "आई, मला इथेच राहू दे. कोंबड्यांचं बघीन, लोकांचं शिवण करीन. तुला माझा भार होणार नाही."

आणि मी म्हटलं, "वेडी का तू? लग्नात देवळात तुमच्या दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवले ते काय खेळातले होते? लोक काय म्हणतील?"

तू उठून इलिंकाचे कपडे घडी करायला लागलीस. नवव्या दिवशी मी स्वतः तुला तोआदेरच्या व्हॅनमध्ये बसवलं. व्हॅन वळेपर्यंत हसत हात हलवला. कातिंका बघत होती ना!

माझ्या वहीत रोजचं सगळं लिहिलेलं असतं, तुला माहीत आहे. अंडी किती, मेणबत्त्या किती, दोऱ्याच्या लड्या किती. परवा त्या दिवसाचं पान काढलं. लिहिलं होतं: "रोदिका गेली. बरोबर चीज दिलं, चार किलो." बस्स. त्या दिवसाचं माझ्याकडे एवढंच लिहिलेलं आहे.

काल सणाच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांना गाठलं. विचारलं, "बाबा, उपवासाच्या दिवसांत खोटं बोललं तर किती पाप लागतं?"

"कसलं खोटं, सावेता?"

"मोठं आहे."

"किती मोठं?"

"माझ्या लेकीएवढं. आणि तिच्या लेकीएवढं."

मी म्हटलं, "मुकुट तुम्हीच ठेवले होते, बाबा." तर म्हणाले, "ठेवले होते. पण ते कपाळ फोडून घ्यायला नव्हते ठेवले. ईस्टर होऊन जाऊ दे, मग ये कबुलीला. घाई करू नकोस." तीन वर्षांपूर्वी मी त्यांना विचारलंच नव्हतं. मीच पाद्री झाले होते.

आता नीट ऐक. फोनवर तू बोलू शकत नाहीस आणि पत्र तो वाचतो. पण बाही तो उलटी करून बघणार नाही. ते तू आणि मीच बघतो. तुला घरी यायचं असेल तर मनगटाजवळ, आतल्या बाजूला, लाल दोऱ्याचा एक टाका घाल. म्हातारीच्या पुरण्याच्या सदऱ्यात लाल दोरा चुकूनही पडत नाही, तेव्हा मला शंका राहणार नाही. कुठल्याही हाताने घाल. नसेल यायचं तर काळ्यानेच काम कर, मी पुन्हा विचारणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवायचं तुला कारण नाही, हे मला ठाऊक आहे.

लाल टाका आला तर मी पत्र पाठवीन की मी मरायला टेकले आहे. ते वाचून घाबरू नकोस. पण खरंच मरत असेन तर तुला कसं कळणार? म्हणून हे लक्षात ठेव. आजीच्या सदऱ्याची शेवटची ओळ आठवते? मनगटाजवळची ती एक ओळ ती कुणाला भरू देत नसे. "ती रिकामी आहे तोवर मला वर कुणी घेत नाही," म्हणायची. एक्क्याण्णवाव्या वर्षी एका दुपारी म्हणाली, "सावेता, सुई आण, आता कंटाळा आला." मी ओळ भरली, आणि त्या आठवड्यात ती गेली. तू बाहीची बाकी जागा भर, पण शेवटची ओळ सोड. माझ्या पत्रात ती ओळ रिकामी आहे असं असेल, तर मी कोंबड्यांमागे धावतेय असं समज.

हा कागद चुलीत टाक. उशी पुन्हा भर. सुया गंजू देऊ नकोस.

ती विहिरीवरची बाही मी पाहिली होती, रोदिका. मी पाहिली होती.

आई


पोयाना,
शुक्रवार, २६ मार्च २००४

चि. रोदिका आणि जावईबापू दोरेल यांस आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, समजून घ्या. सोमवारपासून मी अंथरुणाला खिळले आहे. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, डाव्या अंगाला मुंग्या येतात. शहरातून डॉक्टर येऊन गेले. नुसती मान हलवली. कातिंका दिवसभर उशाशी बसून असते आणि रडते. तिचं रडणं ऐकून मला जास्त त्रास होतो. काल देवमातेला देवदूताने निरोप दिल्याचा सण, पण मला देवळात जाता आलं नाही. पाद्रीबाबा घरी येऊन प्रार्थना करून गेले.

बाही गेल्या शुक्रवारीच मिळाली. रोदिका, मी खिडकीशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. मी सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त टाके घातलेस. सगळे मोजले. एकेकावर बोट ठेवून मोजले.

जावईबापू, आता तुमच्याशी बोलते. तुम्हाला कामावरून सुट्टी मिळणार नाही हे मी जाणते, तेव्हा तुम्ही एवढ्या लांब येण्याची तसदी घेऊ नका. पण आईचे डोळे लेकीने मिटायचे असतात आणि नातीला एकदा डोळे भरून पाहायची माझी इच्छा आहे. तोआदेर बुधवारी तिथून परत निघतो. त्याच्या व्हॅनमध्ये दोघींच्या जागा मी सांगून ठेवल्या आहेत, तो पिशवी घ्यायला नाही, दोघींना घ्यायला थेट वर दारापर्यंत येईल. इलिंकाचे सगळे कागद बरोबर द्या. घरच्यांच्या यादीत तिचं नाव पाद्रीबाबांना लिहायचं आहे आणि ते कागद पाहिल्याशिवाय लिहीत नाहीत.

तुमच्या आई काल मला बघायला आल्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, माझा दोरेल तसा नाही, तो नक्की पाठवील. कालच सणाला देवळात सगळ्या बायकांनाही त्यांनी हेच सांगितलं. आता सगळं गाव बुधवारच्या व्हॅनची वाट बघतंय. मरणाऱ्या आईकडे लेकीला पाठवली नाही असं झालं, तर त्या बिचाऱ्या माउलीने देवळात उभं कसं राहायचं? लोक काय म्हणतील, जावईबापू?

रोदिका, सामान फार घेऊ नकोस. इथे सगळं आहे. हात मोकळे ठेवून ये.

सदरा माझ्या पायाशी घडी करून ठेवला आहे, दोन्ही बाह्या जोडून. मनगटाजवळची शेवटची ओळ रिकामीच आहे. कातिंका भरायला निघाली होती, मी तिला सुईला हात लावू दिला नाही.

फाटकाशी डोळे लावून बसलेली,
तुझी आई सावेता