बारा मीटर वरून

एली, नेवाडा
९ मे, दुपार

प्रिय लिओनाताई,

तुझ्या लग्नाची पत्रिका येऊन तीन आठवडे झाले आणि मी रोज ‘आज लिहितो’ म्हणत टाळतोय. पत्रिका खिशात घालून हिंडलो, तिच्यावर कॉफी सांडली, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं अर्धं नाव पुसलं गेलं. त्याला म्हणावं, मनावर घेऊ नको. मी बरा आहे. सध्या एका मोटेलच्या खोल्या रंगवतो. दुपारी वारा सुटला की ओल्या रंगावर वाळू बसते, म्हणून दुपारी सुट्टी.

सुट्टीत मी वाचनालयात जातो, आत्ताही तिथेच बसलोय. वाचायला नाही, तू हसशील. कॉम्प्युटरवर डोंगर करायला. एक फुकटातला प्रोग्राम आहे, इथल्या ग्रंथपाल इबाराबाईंनी दाखवला. बटण दाबलं की डोंगर उगवतात, पाणी भरता येतं, सूर्य हवा तिथे टांगता येतो. माझा पहिला डोंगर पोत्यातून सांडलेल्या बटाट्यांसारखा झाला. दुसऱ्या वेळी पाणी इतकं चढवलं की डोंगरच बुडाला. बाई म्हणाल्या, “देवाला सहा दिवस लागले, तुला घाई कसली?”

“देवाला तासाभराने दुसऱ्याला खुर्ची द्यावी लागत नव्हती,” मी म्हटलं. तेव्हापासून त्या मला दोन तास बसू देतात.

मग कळलं की खऱ्या जमिनीच्या उंचीची फाइलसुद्धा फुकट मिळते. मी आपलं खोरं उतरवून घेतलं. का, ते विचारू नकोस. नाही, विचारच. पत्रिकेखाली तू पेनाने लिहिलंयस, ‘मर्लकाकांना बोलावलेलं नाही. ज्यांनी माझ्या भावावर ठपका ठेवला, त्यांचा हात धरून मी लग्नात चालत येणार नाही.’ आईबाबा गेल्यावर त्याच हाताने आपल्याला जेवायला वाढलं, ताई. ते वाक्य वाचल्यापासून माझा पाय कुठे ठरत नाही. तसा तो एरवीही ठरत नाही म्हणा.

दोन वर्षांपूर्वी गावच्या सभागृहात काय झालं ते तुला आठवतंच, तरी लिहितो. लिहिलं की माझ्याकडून त्यात फेरफार होत नाही. घोडीसाठी आगीत शिरताना डावी भुवई जळालेले काका उठून म्हणाले, “दोन वाजता माझ्या शेडमागच्या घळीतून धूर निघाला. आगीवर नजर ठेवायला मनोऱ्यावर हा पोरगा होता. त्याने चारला कळवलं. दोन तास काय करत होता?”

मी म्हटलं, मधे डोंगराची सोंड आडवी येते, घळ दिसतच नाही. तू उभी राहिलीस. “काका, घोडी जळाली म्हणून पोराला जाळणार का?”

“घोडीचं नाव काढू नकोस,” एवढंच बोलून त्यांनी टोपी घातली आणि गेले. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद.

सोंड आडवी येते, हे मी बनवून सांगितलं नव्हतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून मी कितीदा पाहिलं होतं. वर असायचो तेव्हा दूरच्या आगींच्या धुराने सोंडेपलीकडची जमीन पुसट दिसायची, आणि मी तिथे होतो पंधराच दिवस.

तर, मी शेडच्या जागी एक लाल गोळा ठेवला आणि बघणाऱ्याचा डोळा मनोरा आहे त्या शिखरावर. शिखरावरच्या पाटीवर ७२०४ असं आहे, तेच टाकलं. चित्र वरून खाली एकेक पट्टीने उमटतं, कोणी पडदा सावकाश सोडावा तसं. आभाळ आलं, लांबचे डोंगर आले, आणि लाल गोळा, स्वच्छ, समोर.

बाईंनी वाकून पाहिलं. “अरे, आकडा फुटांत घातलास. हे मीटरमध्ये मोजतं. तू शिखरावर नाहीस, विमानात आहेस.”

२१९६ घातले. आभाळ, डोंगर, मग काळी सोंड. गोळा नाही. मला इतकं हलकं वाटलं की ते चित्र छापून तुला लग्नाची भेट म्हणून पाठवायला निघालो. बघ, तुझा भाऊ खरा. पाकिटावर पत्ता लिहीत होतो, तर बाई विचारतात, “हे दिसतं कुठून?”

“मनोऱ्यावरून.”

“मग यात मनोरा कुठे आहे?”

चाळीस फुटी पाय आहेत त्याला, ताई. रोज पाण्याचा कॅन घेऊन सत्तावन्न पायऱ्या चढत होतो आणि नेमक्या त्याच मोजायच्या राहिल्या. बारा मीटर वाढवले, परत बसलो. आभाळ. डोंगर. मग सोंडेच्या कडेवरून दिसणारी सबंध घळ, आणि तिच्यात तो गोळा.

त्या दिवशी बाईंनी माझी खुर्ची कुणाला दिली नाही.

आता जे टाळत आलो ते. दोन वाजता मी मनोऱ्यावर नव्हतो. उतारावर रानबेरी पिकल्या होत्या, एका झुडपावरून दुसऱ्यावर करत मी ओढ्यापर्यंत गेलो, मग तिथे एक बीव्हर काटक्यांचा बांध घालत होता, त्याला बघत बसलो. वर आलो तेव्हा चार वाजत आले होते. मी स्वतःला सांगायचो, वर असतो तरी काय दिसणार होतं? त्या एका वाक्यावर दोन वर्षं झोपलो. वर असतो तर दिसलं असतं, ताई. शेडचं दार उघडून घोडी सोडायला वेळ मिळाला असता.

चित्राच्या दोन प्रती काढल्या. एक सोबत आहे. दुसरी आठ दिवसांपूर्वीच काकांना पाठवली, मागे लिहिलं, ‘दोन वाजता मी वर नव्हतो. तुम्ही खरं बोललात.’ खाली वाचनालयाचा पत्ता दिला. उत्तर नाही. कोकरं जन्मायच्या दिवसांत काका पत्र लिहायला बसायचे नाहीत, खोरं सोडणं तर लांबच.

त्यांना बोलाव. मला नको बोलावूस हवं तर. आणि ‘चुकलं’ हा शब्द तू त्यांच्यापुढे खर्चू नकोस, तो माझा आहे.

थांब, इबाराबाई आल्यात. म्हणतात, “बाहेर एक म्हातारा तुला विचारतोय. आत या म्हटलं तर म्हणतो, बुटांना मेंढ्यांची घाण आहे, मी इथेच बरा.”

खिडकीतून दिसतंय. टोपी काढून हातात धरलीय, टोपीत मी पाठवलेलं पाकीट. डावी भुवई अजून उगवलेली नाही.

ज्याच्यासाठी तू भांडलीस तो,
ऑरिन