टेबलाखालचा डबा

३० नोव्हेंबर ९६, शनि.
इथे आखातातल्या आपल्या मराठी मुलांच्या संध्याकाळच्या वर्गात यंदा देशांची जत्रा. आम्ही शिकवणाऱ्या बायकांनी चिठ्ठ्या काढल्या. नलूताईंना जपान, मला आइसलँड. सगळ्या हसल्या. नलूताई म्हणाल्या, "फ्रीजरमधला बर्फ आण नि मोकळी हो!"
लायब्ररीतून पुस्तक आणलं. नाताळाच्या आधी तिथली मुलं खिडकीत बूट ठेवतात. शहाण्याला खाऊ, वांडाला बटाटा. शिवाय कागदासारखी पातळ पोळी लाटून तिच्यावर पानाची नक्षी कातायची नि तळायची. कातायचं हत्यार चित्रात पाहिलं तर पितळी चाक. आपलं करंजीचं कातणंच की! एवढ्या थंडीत, एवढ्या लांब. उगाच डोळे भरून आले.

३ डिसें., मंगळ
माझं कातणं सापडेना. वर्गातल्या मित्रा नावाच्या मुलीच्या आईने, वंदनाने, तिचं दिलं. अकोल्याचं, तिच्या सासूचं. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. म्हणाली, "काकू, निम्म्या मी घरी तळून आणते. एकट्या किती करणार?" बरं वाटलं.
मित्रा आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. पूर्ण नाव संघमित्रा.

४ डिसें.
शुक्रवारी पीठ भिजवून बघू म्हटलं, तर वंदना म्हणाली, "शुक्रवारी नाही जमणार, काकू. सहा डिसेंबर. आम्ही सगळे जमतो, बुद्धवंदना असते." मी "हो हो, बरोबर" म्हटलं. जरा जास्तच घाईने. नंतर स्वयंपाकघरात उगाचच ओटा पुसत राहिले.

११ डिसें., बुध
आज कातणं झालं. बारा मुलं, पिठात कोपरापर्यंत. कुणी मासा, कुणी खजूर, कुणी विमान. दोन-दोन पोळ्या प्रत्येकी. मित्राने पहिलीवर पिंपळाचं पान काढलं, शिरांसकट. जीभ दातांत धरून, अर्धा तास. दुसरी घाईत, नुसते त्रिकोण. निम्म्या पोळ्या वंदना घेऊन गेली, मित्राच्या दोन्ही त्यात.
खिडकीत बूटही मांडले. मुलं म्हणाली, "आंटी, यू ऑल्सो!" माझी एक चप्पल ठेवली.

१२ डिसें., गुरु
लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.
आज जत्रा. वंदना डबा घेऊन वेळेवर आली. बॅनर लावायला म्हणून ती बाहेर गेली. मी माझ्या पोळ्या ताटात मांडल्या. तिचा डबा उघडला, मांडायला हात घातला, तेवढ्यात नलूताई मागून, "हे कुणाकडचं तळलेलं गं?" मी डबा मिटला. म्हटलं, "माझ्याकडचं. सगळं." आणि डबा टेबलाखाली, कापडाच्या मागे.
कुणी सांगितलं नव्हतं. हातच गेला.
मुलं आपापली नक्षी शोधत होती. मित्रा ताटाभोवती दोनदा फिरली. "आंटी, माइन इज नॉट हिअर." मी म्हटलं, "तुटली असेल, बाळ." पाच मिनिटांनी पेन्सिल उचलायला कुणीतरी वाकलं, कापड वर झालं. मित्राने डबा पाहिला. मग माझ्याकडे. काही बोलली असती तर...

१३ डिसें., शुक्र
डबा माझ्याच घरी. उघडला. वर पिंपळपान, अख्खं. माझ्यापेक्षा कितीतरी नाजूक तळलेलं. खाऊ शकले नाही. आता खाल्लं तर कुणाला दाखवायला?
ह्यांनी चहाबरोबर त्रिकोणांची संपवली. "तू केलीस? नाही, ही तुझ्याहून कुरकुरीत आहे."
बेळगावचं कॉन्व्हेंट आठवलं. नाताळचा केक. आईने बजावलेलं, हातात घे, खाऊ नकोस. पिनाफोरच्या खिशातून नेला आणि मागच्या कुंपणात टाकला. वळले तर सिस्टर उभ्या. रागावल्या नाहीत. पुढच्या नाताळात सगळ्यांना केक, मला केळं. सालासकट. इतकी वर्षं मी ती गोष्ट त्यांचा चांगुलपणा म्हणून सांगत आले.

१४ डिसें., शनि
वर्गात खिडकीतले बूट उघडले. सगळ्यांच्या बुटात मी टाकलेल्या गोळ्या. माझ्या चपलेत बटाटा.
पोरं खिदळली. "आंटी वॉज नॉटी!" मीही हसले. मित्रा रंगपेट्या आवरत होती, वर पाहिलं नाही. दुसऱ्या कुणी गंमत म्हणूनही ठेवला असेल. पण पुस्तकात सडका बटाटा लिहिलाय, आणि हा चांगला होता. धुऊन आणलेला.
घरी आणलाय. ओट्यावरच्या खिडकीत ठेवला.

१८ डिसें., बुध
नलूताईंना फोन केला. धीर करून सांगितलं, त्या दिवशी खोटं बोलले, निम्म्या वंदनाच्या घरच्या होत्या, मी लपवल्या.
त्या म्हणाल्या, "लपवल्या? का? अगं, मी ताटातली एक चाखली, मीठ जास्त झालं होतं. कुणाचं म्हणून विचारलं, तर तू केवढी दचकलीस."
म्हणजे ताटातल्या माझ्याच. खारट.
आठवडाभर मनातल्या मनात नलूताईंना दोष देत होते. त्या नव्हत्याच त्यात. मी एकटीच होते.

१९ डिसें., गुरु
डबा, कातणं घेऊन वंदनाच्या घरी, हूऱ्याला गेले. डबा रिकामा कसा द्यायचा, बेसनाचे लाडू भरले. हे खाली गाडीत थांबले.
वंदनाने दार उघडलं. "काकू! या ना." तोच हसरा चेहरा, पण जपून ठेवलेला. डबा उघडला, "अहो, हे कशाला?" मित्रा आली, माझ्याकडे बघत एक लाडू उचलला आणि अख्खा खाल्ला. सावकाश. कण खाली पडला तोही वेचला.
मग वंदनाने माझ्यासाठी पाणी आणलं. बाटली. सीलबंद.
इथे सगळ्याच घरांत बाटली देतात. माझ्याकडेही. पण मला ते केळं दिसलं.
मी म्हटलं, "चहा टाकतेस का? साखर कमी." ती थांबली. "घेता तुम्ही?" एवढंच. मग आत गेली. चहा आला. प्यायले. आलं घातलेलं होतं.
सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. सांगितलं काय, तर लाडवांत तूप जरा कमी पडलंय.
निघताना दारात म्हटलं, "उद्या पाचला माझ्याकडे या. जनाबियाला. मित्रा परत पिंपळपान कातेल. आणि मला तुझ्याशी बोलायचंय, त्या डब्याबद्दल."
वंदनाने मित्राच्या डोक्यावर हात ठेवला. "बघू, काकू. इंशाल्ला."
कातणं परत दिलं होतं. मित्रा आत पळाली, ते आणून माझ्या हातात कोंबलं. "यू विल नीड इट."
गाडीत ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "ऑफिसात इंशाल्ला म्हणाले की मी दुसरी तारीख शोधायला लागतो."

२० डिसें., शुक्र
दुपारीच पीठ भिजवलं. लाटून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्यात. कातणं ताटाशेजारी. काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून पाहिलं. "मी लपवला" इथपर्यंत नीट येतं, "का" ला अडते. पण ते बोलल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.
बटाट्याला एक डोळा फुटलाय. काढला नाही खिडकीतून. येतील तर दिसू दे.
पाच वाजून गेले. फाटकाशी गाडीचं दार वाजलं, शेजारच्यांचं निघालं.
साडेपाच. हे म्हणतात, तेल किती वेळ तापवणार आहेस?
गॅस बारीक केलाय. बंद केला नाही.